कमलाबाई, बटाटा आणि पेशीतली ऊर्जा



यंदाच्या स्मरणिकेसाठी "बंगळूर आणि मराठी माणूस" या विषयावर इतिहासाचे काहीतरी लिहून द्या, असे मंडळाच्या चिटणीसांनी मला सांगितले. मी म्हटले, "अहो, मी शाळेत जीवशास्त्र शिकवले, इतिहास नाही." ते म्हणाले, "बाई, आहे ते लिहा, पण पाने वेळेवर द्या." म्हणून हा खटाटोप.

इथल्या मराठी माणसाच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण सगळे शहाजीराजांपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. सतराव्या शतकात बंगळूर, कोलार, शिरे, दोड्डबळ्ळापूर यांच्याबरोबर आपले होसकोटेही त्यांच्या जहागिरीत होते. पण त्याविषयी याआधी जाणकारांनी लिहिले आहे, पुढेही लिहितील. मी सांगणार आहे ती गोष्ट नव्वद वर्षांपूर्वीची आहे. तिच्यात तलवार नाही, किल्ला नाही. एक मराठी मुलगी आहे, बंगळुरातले एक बंद दार आहे आणि एक बटाटा आहे. हसू नका, बटाटा महत्त्वाचा आहे.

ज्या प्रश्नाशी या मुलीचा संबंध आला तो प्रश्न असा : आपण खातो त्या अन्नाची शक्ती होते कशी?

प्रसादाच्या मोदकाचे पुढे काय होते?

उकडीचा मोदक घ्या. तांदळाच्या पिठात पिष्ट असते, सारणात गूळ आणि खोबरे. पोटात गेल्यावर पिष्टाचे आणि गुळाचे साध्या साखरेत रूपांतर होते आणि ती रक्तातून शरीरातल्या कोट्यवधी पेशींपर्यंत पोचते. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. खरी गंमत त्यापुढे आहे. पेशीत चूल नाही, धूर नाही, तरी साखर "जळते". त्या शक्तीवर हृदय चालते, ढोल वाजवणाऱ्याचे हात चालतात आणि दहा दिवस जागणाऱ्या कार्यकर्त्यांचे डोळेही उघडे राहतात! स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी ऊर्जा सतत खर्च करत असतो.

हे जळणे आहे, हे प्रथम मोजून दाखवले फ्रान्सच्या लाव्हाझिए याने. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि लाप्लास या गणितज्ञाने एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले. प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले आणि त्याच्या श्वासातून किती वायू बाहेर पडला, याचा हिशेब त्यांनी केला, आणि तो कोळसा जाळून मिळणाऱ्या आकड्यांशी ताडून पाहिला. निष्कर्ष निघाला की श्वसन म्हणजे अतिशय सावकाश चाललेले ज्वलन होय. हे ज्वलन फुफ्फुसात होत असावे असे लाव्हाझिएला वाटले. ते पेशीपेशीत होते, हे कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली.

पण मग पेशी जळून का जात नाही? याचे उत्तर असे की पेशी साखर एकदम पेटवत नाही. ती साखरेतली ऊर्जा पायरीपायरीने काढून घेते. मी वर्गात मुलांना सांगत असे : गच्चीवरून उडी मारली तर हाडे मोडतात, तोच माणूस जिन्याने उतरला तर सुखरूप खाली येतो. उंची तितकीच, पण प्रत्येक पायरीला थोडे थोडे उतरणे. हा जिना कोणत्या पायऱ्यांचा बनलेला आहे, ते शोधण्यात विसाव्या शतकाचा पूर्वार्ध गेला.

जिन्याची पहिली पायरी दिसली ती अशी

मॅकमन नावाच्या एका डॉक्टराने इंग्लंडमध्ये आपला दवाखाना सांभाळून १८८० च्या दशकात निरनिराळ्या प्राण्यांच्या स्नायूंतून प्रकाश सोडून पाहिला. वर्णपटात त्याला काही काळे पट्टे दिसले. त्याने लिहिले की प्राण्यांच्या ऊतींमध्ये श्वसनाशी संबंध असलेले एक रंगद्रव्य आहे. जर्मनीतल्या एका बड्या प्राध्यापकाने ते खोडून काढले आणि मॅकमनची गोष्ट मागे पडली.

१९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञाला तेच पट्टे पुन्हा दिसले. तो घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीचा अभ्यास करत होता. नंतर त्याने यीस्ट, म्हणजे पावासाठी वापरतात ते किण्व, पाण्यात कालवून पाहिले. किण्वाचे पाणी तसेच ठेवले की चार पट्टे दिसत. हवेशी खळखळून हलवले की ते नाहीसे होत आणि थोड्या वेळाने पुन्हा उमटत. म्हणजे ते द्रव्य प्राणवायूशी देवघेव करत होते! केलिनने त्याला "सायटोक्रोम" असे नाव दिले. त्याचा अर्थ पेशीतला रंग. त्यात ए, बी आणि सी असे तीन प्रकार आहेत, हेही त्याने दाखवले.

सायटोक्रोममध्ये लोहाचा अणू असतो. साखरेतून सुटलेला इलेक्ट्रॉन तो लोहाचा अणू घेतो आणि पुढच्याला देतो. गणपतीच्या दिवसांत सामान उतरवताना आपण रांग लावतो आणि नारळ हातोहात पुढे जातो, तसेच हे आहे. रांगेच्या शेवटी प्राणवायू उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचे पाणी होते. आपण श्वास घेतो तो एवढ्याचसाठी, रांगेच्या शेवटी नारळ घ्यायला कोणीतरी हवे म्हणून. सायनाइड इतके घातक का, तर ते या रांगेतला शेवटचा विकर बंद पाडते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही.

प्राण्यांत आणि किण्वात हे सापडले. वनस्पतींचे काय? झाडे श्वसन करतात हे माहीत होते, पण त्यांच्यात हीच रांग आहे की त्यांची काही वेगळी तऱ्हा आहे, याविषयी खात्री नव्हती. पानांत हरितद्रव्याचा रंग इतका दाट असतो की बाकीचे पट्टे त्यात बुडून जातात. शिवाय बटाटा, सफरचंद कापून ठेवले की काळे पडते. हे ज्या विकरामुळे होते तोच वनस्पतींच्या श्वसनाचा शेवटचा दुवा असावा, असे अनेकांचे मत होते. या ठिकाणी आपल्या गोष्टीतली मुलगी येते.

बंगळूरचे बंद दार

तिचे नाव कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे विद्यार्थी. तेव्हा आपणही तिथेच शिकावे असे कमलेला वाटले यात नवल नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत ती गुणवत्ता यादीत पहिली आली आणि तिने बंगळूरला अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. कारण गुण नव्हते, शिफारस नव्हती, असे काही नव्हते. ती मुलगी होती. संस्थेचे संचालक त्या वर्षीच झालेले सर सी. व्ही. रामन होते. त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेले होते. त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? पण कमलाबाई वडिलांबरोबर बंगळूरला आल्या आणि त्यांनी कारण विचारले. प्रवेश मिळेपर्यंत हटणार नाही असे सांगून त्यांनी रामन यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह केला, असे सांगितले जाते. गांधीजींचा काळ होता तो, आणि कमलाबाई गांधीजींना मानणाऱ्या होत्या.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तसे रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये! या तिसऱ्या अटीचा सल कमलाबाईंना शेवटपर्यंत राहिला. रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण स्त्रियांच्या बाबतीत त्यांचे मन कोते होते, अशा आशयाचे उद्गार त्यांनी उतारवयात एका सत्काराच्या वेळी काढले.

मार्गदर्शक मात्र चांगले मिळाले. एम. श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे आणि मनापासून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि त्यांनी त्यांना रीतसर संशोधन करू दिले. १९३६ साली त्या कामावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली. त्यानंतर संस्थेचे दार मुलींसाठी उघडले. पुढे १९४० साली अण्णा मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या आणि भारतीय हवामानशास्त्रात मोठे नाव मिळवून गेल्या. रामन यांच्याविषयी हेही सांगितले पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. मत बदलायला पुरावा लागला, पण पुरावा समोर आल्यावर त्यांनी ते बदलले.

आपल्याला कमलाबाई ठाऊक नसतील, पण त्यांची थोरली बहीण नक्की ठाऊक असेल. ऋतुचक्र आणि व्यासपर्व लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत त्या ह्याच. एका घरात दोन मुली, दोघी तशाच न वाकणाऱ्या.

केंब्रिज आणि बटाटा

१९३७ च्या अखेरीस कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते जीवनसत्त्वांच्या कामाबद्दल १९२९ साली नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स. प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल दिवसा कमलाबाईंना दिले आणि स्वतः रात्री काम करायचे ठरवले. बंगळूरला रात्री थांबण्याची अट होती, इथे दुसऱ्याने रात्र पत्करून त्यांना दिवस मोकळा करून दिला!

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम करू लागल्या. हिल हे नाव जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. प्रकाशसंश्लेषणातली "हिल अभिक्रिया" त्यांचीच. आता वनस्पतींत सायटोक्रोम शोधायचा तर हिरवे पान घेऊन उपयोग नाही. जमिनीखाली वाढणारा, हरितद्रव्य नसलेला भाग हवा. बटाटा त्याला अगदी योग्य. या कामात कमलाबाईंना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडला, आणि पुढे त्यांनी दाखवून दिले की वनस्पतींच्या पेशींत तो सर्वत्र असतो आणि त्यांच्या श्वसनात भाग घेतो. १९३९ साली "नेचर" या जगप्रसिद्ध नियतकालिकात हिल आणि भागवत या दोन नावांनी सपुष्प वनस्पतींमधील सायटोक्रोम ऑक्सिडेज, म्हणजे त्या रांगेतला शेवटचा विकर, याविषयीचे टिपण आले.

याचा अर्थ काय, ते जरा थांबून पाहू. किण्वात जी रांग, घोड्याच्या पोटातल्या माशीत जी रांग, तुमच्या-माझ्या हृदयात जी रांग, तीच बटाट्यात. जगण्यासाठी शक्ती मिळवायची रीत झाडाची वेगळी आणि प्राण्याची वेगळी, असे नाही. पुढे साठच्या दशकात निरनिराळ्या जीवांच्या सायटोक्रोम सी-ची रचना एकेक दुवा तपासून मांडली गेली. माणसाच्या सायटोक्रोम सी-मध्ये १०४ दुवे असतात. चिंपांझीच्या आणि आपल्या सायटोक्रोममध्ये एकाही जागी फरक नाही. ऱ्हीसस माकडाशी एका जागी फरक. गव्हाशी तुलना केली तरी निम्म्याहून अधिक जागा सारख्या निघतात. जीवसृष्टीचे नाते रेणूंच्या भाषेत लिहिण्याचे पहिले मोठे काम याच प्रथिनावर झाले.

कमलाबाईंचा पीएच.डी.चा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. केंब्रिजला पोचल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत त्यांनी तो सादर केला. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख केला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना त्यापूर्वी, १९३१ साली, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती, तेव्हा पहिली कोण या वादात मी पडत नाही. दोघीही आपल्याच.

रांगेपुढची गोष्ट

सायटोक्रोमची रांग इलेक्ट्रॉन पुढे देते, पण त्यातून निघालेली ऊर्जा साठते कुठे? याचे उत्तर १९२९ सालीच दिसले होते. त्या वर्षी जर्मनीत लोहमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव या जोडीने स्नायूंतून "एटीपी" हे द्रव्य वेगळे काढले. सुब्बाराव आपल्या शेजारच्या आंध्रातले, भीमवरमचे. एटीपी म्हणजे पेशीतले सुटे पैसे. साखर ही मोठी नोट, ती घेऊन रिक्षावाल्याकडे गेलो तर तो सुटे मागणार! एका साखरेच्या रेणूचे पेशी साधारण तीस एटीपी करते आणि ते जागोजाग खर्च करते. शरीरात एका वेळी एटीपी असते पाव किलोपेक्षाही कमी, पण ते पुन्हा पुन्हा वापरात येते. दिवसभरात घडणाऱ्या-मोडणाऱ्या एटीपीचे वजन केले तर ते जवळपास आपल्या स्वतःच्या वजनाइतके भरते.

हे एटीपी घडते कसे, ते १९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगितले आणि बरीच वर्षे कोणी फारसे मानले नाही. मी कराडची, म्हणून मला ते कोयनेच्या भाषेत समजते. इलेक्ट्रॉन रांगेतून जाताना मिळणाऱ्या शक्तीवर प्रोटॉन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यापलीकडे उपसले जातात. धरणात पाणी साठावे तसे ते तिथे साठतात. त्यांना परत यायला एकच अरुंद वाट असते, आणि त्या वाटेवर एक चक्र बसवलेले असते. प्रोटॉन आत आले की चक्र फिरते आणि एटीपी तयार होते. मिचेल यांना १९७८ साली नोबेल मिळाले. चक्राची रचना आणि चाल उलगडणाऱ्या वॉकर आणि बॉयर यांना १९९७ साली. त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी हे चक्र फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले.

सायटोक्रोम सी-ची गोष्ट तिथेही संपत नाही. पेशी पार बिघडली की हाच सायटोक्रोम तंतुकणिकेतून बाहेर झिरपतो आणि पेशीला स्वतःचा शेवट करण्याची खूण देतो, असे १९९६ साली अमेरिकेत दिसून आले. जगवणारा तोच आणि आवरते घ्यायला सांगणाराही तोच.

माझ्या वर्गात ती नव्हती

आता थोडे स्वतःविषयी लिहिते, त्याबद्दल क्षमा असावी.

डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरले. मी नववीत होते. वडील मला घेऊन गेले. आणीबाणीचे दिवस होते. अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या. मला त्यातले फारसे कळले नाही, पण मांडवात पसरलेली शांतता अजून आठवते. घरी येताना वडील एवढेच म्हणाले, "घाबरत नाही हो ही बाई." त्यांना एक धाकटी बहीण आहे आणि ती माझ्याच विषयातली आहे, हे मला कोणी सांगितले नाही.

बी.एस्सी. झाल्यावर १९८२ साली मला संशोधनाची एक संधी दिसली. वडील आणि मी रात्रीच्या एस.टी.ने गेलो. तिथल्या गृहस्थांनी चहा दिला, गुणपत्रिका पाहिली, कौतुक केले आणि म्हणाले, "या कामाला रात्री थांबावे लागते, मुलींची सोय नाही. तुम्ही बी.एड. का करत नाही?" बोलणे अगदी सौजन्याचे होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. परतीच्या गाडीत आम्ही दोघे काही बोललो नाही. मी बी.एड. केले.

त्याचे मला दुःख आहे असे नाही. मुले शिकवली, त्यातली काही डॉक्टर झाली, काही शेती नीट करतात. पण तीस-बत्तीस वर्षे मी "तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे" हे वाक्य फळ्यावर लिहिले, त्याखाली क्रेब्जचे नाव लिहिले, सायटोक्रोम हा शब्द लिहिला. कमला भागवत हे नाव एकदाही लिहिले नाही, कारण मलाच माहीत नव्हते. पाठ्यपुस्तकात नव्हते आणि मीही शोधले नव्हते. वर्गात बसलेल्या मुलींपैकी किती जणींनी माझ्यासारखे खाली पाहिले असेल, कोण जाणे.

निवृत्तीनंतर मी होसकोट्याला मुलाकडे आले. १८ जून २०२३ चा रविवार. नात संगणक उघडून बसली होती. म्हणाली, "आजी, गूगलवर आज ही कोण आहे? मराठी नाव दिसतंय." पडद्यावर कमला सोहोनींचे चित्र होते. त्यांचा तो ११२ वा जन्मदिवस. मी चष्मा लावून वाचू लागले. वाचता वाचता दुर्गाबाईंचे नाव आले आणि मला कराडचा मांडव आठवला. नंतर सूनबाईने बंगळूरच्याच भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली काढलेले "लीलावतीज डॉटर्स" हे पुस्तक आणून दिले. त्यात आपल्या देशातल्या स्त्री शास्त्रज्ञांच्या हकिकती आहेत. इंग्रजी पुस्तक वाचायला मला आठवडा लागला, पण कमलाबाईंचे पान मी तीनदा वाचले.

वाचताना एक गोष्ट मनात राहिली. आम्हा दोघींबरोबर वडील होते, दोघींनाही नाही म्हटले गेले. त्यांनी "का?" असे विचारले. मी विचारले नाही. एवढाच फरक. अर्थात त्या विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या आणि मी नव्हते, हेही खरे!

परत आलेल्या कमलाबाई

१९३९ साली कमलाबाई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापन आणि संशोधन करू लागल्या. गरिबांच्या ताटातले अन्न, कडधान्ये, तांदळाचे पीठ, नीरा हे त्यांचे विषय होते. नीरेतल्या पोषक द्रव्यांचा अभ्यास त्यांनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून केला, आणि त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या त्या संचालक झाल्या आणि १९६९ साली निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत १९६६ साली काही स्त्रियांनी ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था स्थापन केली होती, त्यात त्या सुरुवातीपासून होत्या. अन्नातली भेसळ कशी ओळखावी, हे त्या सामान्य गृहिणींना समजेल असे लिहून सांगत. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

शेवटी एवढेच

परवा मंडईत गेले होते. आपल्या बाजूला मालूर-कोलारचा बटाटा भरपूर येतो. भाजीवाली म्हणाली, "आलूगड्डे चांगले आहेत, घेऊन जा." घरी आल्यावर भाजीसाठी एक कापला. नात शेजारी उभी होती. थोड्या वेळाने फोडी तांबूस पडू लागल्या. तिने विचारले, "आजी, हे काळे का होते?" मी तिला सगळी गोष्ट सांगितली, केलिनच्या पट्ट्यांपासून केंब्रिजपर्यंत. भाजी त्या दिवशी उशिरा झाली आणि जरा काळपटही झाली. घरात कोणी काही बोलले नाही.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आपल्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे, रहदारी नसेल तर! वर्षातून एक दिवस ती संस्था सर्वांसाठी खुली असते. कोणीही जावे, प्रयोगशाळा पाहाव्यात, प्रश्न विचारावेत. मागच्या खेपेला मी नातीला घेऊन गेले. फाटकातून मुलामुलींची नुसती झुंबड आत जात होती. कोणी कोणाला अडवत नव्हते. मी एका झाडाखाली बाकावर बसले आणि नातीला म्हटले, "तू जाऊन ये, आणि काही कळले नाही तर का म्हणून विचार." ती दोन तासांनी परत आली. किती प्रश्न विचारले ते तिने मोजले नव्हते.

मंडळाला माझी एक विनंती आहे. दरवर्षी आपण मुलांसाठी चित्रकला आणि रांगोळी स्पर्धा घेतो, त्या चालू राहाव्यात. पण एक संध्याकाळ विज्ञानासाठीही असावी. एक सूक्ष्मदर्शक मी माझ्याकडचा देईन. किण्व दुकानात मिळते, बटाटा आपल्या गावातला.